मॅटरहॉर्नचा दोर

आल्प्समधल्या मॅटरहॉर्नवर चढाईला निघालो होतो ना, तेव्हा माझी एक चूक झाली. जेवताना बाबांना त्या शिखराचा इतिहास सांगून बसलो. पहिल्यांदा सातजण माथ्यावर पोचले, पण उतरताना दोर तुटला आणि चौघे खाली कोसळले.

बाबांचा घास हातातच राहिला. जन्मभर वाडीत केळी लावलेला माणूस. एवढंच म्हणाले, "तुझा दोर बघू."

दुसऱ्या दिवशी माझा कोरा करकरीत दोर गायब! संध्याकाळी बाबा पाचूबंदरहून परतले. खांद्यावर माझाच दोर, ओलाचिंब, मासळीच्या वासाचा. सोबत त्यांचे मच्छीमार मित्र पावलूकाका.

"भरलेली बोट बांधून ओढली रे!" काका खुशीत म्हणाले. "दोराला कायपन झालं नाय!"

मी डोकं धरलं. "बाबा, एवढा ताण बसलेला, खारं पाणी प्यायलेला दोर चढाईला चालत नाही. आता फेकायचा!"

"अजिबात चालत नाही?"

"नाही!"

बाबांनी दोर काकांच्या हातात दिला आणि घरात बघून आईला हाक मारली, "अगं, ऐकलंस का? पोराचं जाणं रद्द झालं!"