नवरीचं नाव

मुलतानच्या छापखान्यात मी अब्बूंच्या मृत्यूनंतरच्या चाळिसाव्याच्या पत्रिकेचा मजकूर घेऊन उभी होते. माझ्यापुढे दोघी मायलेकींची लग्नपत्रिकेवरून जुंपली होती.

“अम्मी, पत्रिका इंग्रजीतच! सगळे तशीच काढतात.”

“आणि राष्ट्रभाषा उर्दू, ती फक्त चौदा ऑगस्टला का? तुझ्या मावश्यांना पत्रिका वाचून कोण दाखवणार, जावई?”

“उर्दू पत्रिकेत नवरीचं नावच नसतं. नुसतं ‘आमची सुकन्या’! इंग्रजीत निदान ‘नूरीन’ असं छापतात.”

“खरं का हो, मास्तर?” आईने छापखानेवाल्यांना विचारलं.

“रीतच आहे तशी, बाजी.”

“रीत गेली चुलीत! पन्नाशीला अक्षरं शिकले मी, हिच्याच जुन्या पुस्तकावरून. माझ्या लेकीचं नाव मला वाचता आलं पाहिजे. उर्दूत छापा ‘नूरीन’, चांगलं मोठं!”

“नवऱ्यामुलाच्या नावापेक्षा मोठं?” मास्तरांनी विचारलं.

“दीडपट!”

“अम्मी! मग उर्दूच. इंग्रजी नकोच मला!”

“अगं, मागच्या बाजूला असू दे थोडी. तुझ्या सासूला मिरवायला लागेल.”

मास्तर हसत माझ्याकडे वळले. “बेटी, तुमचा मजकूर?”

“एक मिनिट,” मी म्हणाले, आणि शोकाकुलांच्या यादीत तिन्ही भावांच्या नावांखाली माझं नाव लिहिलं.