रुळाला न टेकणारी गाडी

वडवणीच्या स्टँडवर बीडच्या एसटीची वाट बघणाऱ्या रोहिणीच्या पुढ्यात सुंदरराव आणि पुण्यात शिकणारा त्यांचा पुतण्या अमरसिंह उभे होते.

“काका, जपानात चुंबकावरची रेल्वे करायलेत. रुळाला टेकतच न्हाई, अधांतरी पळती!”

“धक्के?”

“पोटातलं पाणी हलत न्हाई.”

“लई झकास! तुझ्या काकीची कंबर वाचंल. खिडक्या हायत का?”

“हायत, पण गच्च बंद.”

“मग जागा धरायला रुमाल कुठून टाकायचा?”

“काका, तिथं कुणी रुमाल टाकत न्हाई!”

तेवढ्यात एसटी आली. सुंदररावांचा रुमाल खिडकीतून आत गेला, पाठोपाठ रोहिणीची पिशवी. दोघांना जागा मिळाली. अमरसिंह दांड्याला लोंबकळला.

“अमर, पाय टेकलेत का?”

“कुठं टेकलेत, काका! गर्दीनंच उचलून धरलंय.”

“मग जपानला कशाला जायचं रं?”