काकांचं गेलेलं वायफाय

लिनक्स कधी दगा देत नाही, असं ज्यांना मी छातीठोकपणे सांगितलं होतं, त्या चामराजपुरमच्या आमच्या कानडी घरमालकांनी माझी कशी जिरवली, ऐका! हे काका म्हणजे बेळगोळच्या कारखान्यातले रिटायर्ड फिटर. त्यांच्या जुन्या लॅपटॉपवर मीच लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम टाकून दिली होती.

दसऱ्याच्या सकाळी खालून हाक आली, "अरे, वायफाय गेलं की! अकराला नात व्हिडिओ कॉलवर येणार!"

मी धावत खाली गेलो. काकांनी लॅपटॉपकडे हात नेला, तसा मी ओरडलो, "काका, कशालाही हात लावू नका! वायफायच्या ड्रायव्हर सॉफ्टवेअरचा घोळ दिसतोय."

काकांनी हात मागे घेतला. मी फोनवरून नेट घेतलं, ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला, लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नेलच, बदलला, चारदा रीस्टार्ट केलं. काही नाही! अकराला पाच कमी असताना एका कमांडने सांगितलं, वायफाय बटणानेच बंद आहे.

"काका, याला बटण आहे?"

"हौदु, आहे की, बाजूला. काल आयुधपूजेला मीच बंद केलं. मिक्सर, पंप, लॅपटॉप, सगळ्याची सगळी बटणं बंद करूनच कुंकू लावायचं असतं."

मी बटण सरकवलं आणि नात स्क्रीनवर हजर! मी तर उडीच मारली. मग डोक्यात प्रश्न आला.

"अहो, मग आधीच चालू का नाही केलंत?"

"अय्यो, तू खाली येईपर्यंत आठवलं, म्हणून तर हात पुढे केला होता. तूच ओरडलास ना!"