धक्क्याच्या टोकाचं हॉटेल

कानाच्या दवाखान्यात निवृत्त ड्रायव्हर मुलीशेजारी कुरकुरत बसला होता. “मला सगळं ऐकू येतं,” हे त्याचं पालुपद. समोरच्या बाकावरचं म्हातारं जोडपं मात्र त्याला खरंच खणखणीत ऐकू येत होतं.

“संध्याकाळी तुझ्या वाढदिवसाला बँडवाल्या हॉटेलात जाऊ!”

“नको! बंदराच्या धक्क्याच्या टोकाला जे आहे, तिथे!”

“तिथे चिडीचूप असतं!”

“म्हणूनच!”

“अगं, बँड वाजला की कुणालाच काही ऐकू येत नाही. मी एकटाच बहिरा ठरत नाही!”

“अहो, पण दर वाढदिवसाला मी त्या बँडशीच लग्न लागल्यासारखी बसते!”

“शांततेत बसून बोलायचं काय?”

“ते माझ्यावर सोडा! खूप साठलंय!”

“मग इथेच बोल की!”

“सगळा दवाखाना ऐकेल!”

सगळा दवाखाना छताकडे बघू लागला. तेवढ्यात नर्सने म्हातारबुवांना आत नेलं. ते बाहेर आले तेव्हा दोन्ही कानांमागे नवी यंत्रं होती. कुणीतरी खुर्ची सरकवली, तसे ते दचकले.

“अगं, ओरडू नकोस.”

“मी अजून तोंडसुद्धा उघडलेलं नाही.”

मग ती त्यांच्याकडे झुकली आणि हळूच काहीतरी बोलली. म्हातारबुवा कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाले.

“धक्क्याचंच,” ते म्हणाले. “कोपऱ्यातलं टेबल सांग.”

ड्रायव्हर बाकावरून पडायच्या बेताला आला होता.

“काय गं, काय म्हणाली ती?”

“तुम्हाला तर सगळं ऐकू येतं ना, बाबा?”

ड्रायव्हरने नर्सच्या दाराकडे पाहिलं.

“आपला नंबर कितवा?”