कमरेचं मशीन

हसू नका गो, माझं डोकं अजून तापतं! आमच्या डोळखांबला बायका पाण्यासाठी किती चालतात ते बघायला शहरातून एक साहेब आलेला. त्यानं विहिरीवर माझ्या कमरेला पावलं मोजायचं मशीन अडकवलं. मी डोक्यावर दोन भरले हंडे घेऊन घरी आले, तर मशीन बघून म्हणतो, "मावशी, तुम्ही चाललातच नाहीत!"

"अरे बाबा, कंबर हलली तर पाणी सांडंल ना!"

"मशीन खोटं बोलत नाही."

मग मशीन त्याच्याच कमरेला लावलं नि एक हंडा दिला डोक्यावर. अंगणभर चालला. मशीननं पावलं बरोबर मोजली, पण हंड्यात पाणी उरलं नाय. परत विहिरीवर कोण गेलं? मीच! मशीनला विचाराल, तर मी घरातच बसलेली.