पुढच्या लिफ्टनं उतरलेल्या राणीसाहेब

…आणि वर मलाच विचारतात हो! ‘राणीसाहेब गेल्या त्या कशानं? विषानं, इंजेक्शननं, की गेल्याच नाहीत?’ सकाळी आठला जाळीचं दार सरकवतो न सरकवतो तोच पहिला माणूस आत पाय टाकायच्या आधी प्रश्न टाकतो. अहो, मी फक्त लिफ्ट चालवतो! पण ऐकेल कोण? आता तुम्ही एवढे जमलाच आहात तर एकदाच काय ते सगळं सांगून टाकतो, म्हणजे सुटलो. यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. आईशप्पथ! खोटं बोलत असेन तर माझी लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये अडकू दे… म्हणजे ती आठवड्यातून दोनदा तिथंच अडकते म्हणा, तो भाग वेगळा. पण खरं आहे सगळं. एक वाक्य सोडून. बरं, दोन धरा. त्यातलं एक मी दुसऱ्यांना खोटं सांगितलं होतं, ते तुम्हाला खरंखरं सांगणार आहे, म्हणजे ते खोटं असलं तरी खरंच झालं की नाही? जाऊ दे. तुम्ही ऐका.

तुम्हाला सांगतो, आमच्या रुग्णालयात लिफ्ट दोन. पुढची माझी, आठ माणसांची, आत एक आरसा, एक स्टूल आणि बावीस वर्षं मी. ही जित्याजागत्या लोकांसाठी. मागची लांबुळकी, पत्र्याच्या दाराची. ती… तुम्ही समजा. वरच्या मजल्यावर कुणी गेलं की मागच्या लिफ्टनं खाली नेतात, म्हणजे पुढं बसलेल्या नातेवाइकांच्या पोटात उगाच गोळा नको. तळाला पोचली की तिची घंटा वाजते. ठण्ण! माझ्या लिफ्टची टिंग, तिची ठण्ण. मध्ये एकच भिंत. बावीस वर्षं मी ती ठण्ण ऐकतोय, आणि प्रत्येक वेळी माझा हात आपोआप टोपीकडे जातो.

तर तीन महिन्यांपूर्वी, मंगळवारी, राणीसाहेब आमच्या पाचव्या मजल्यावर पित्ताशयातले खडे काढायला आल्या, आणि गेल्या. म्हणजे वारल्या. सरकारी पत्रकात एक ओळ : हृदय बंद पडल्याने. एक ओळ! अहो, आमच्या इथं जिना धुवायचा असला तरी पाच ओळींची सूचना लावतात! एवढ्या मोठ्या बाईच्या मरणाला एक ओळ लोकांना पुरणार आहे का? मग उरलेल्या ओळी लोकांनी माझ्या लिफ्टमध्ये लिहायला घेतल्या.

माझी लिफ्ट एक मजला चढायला अकरा सेकंद घेते. तळमजल्यावर धाकट्या दिरानं विष घातलेलं असतं, पहिल्या मजल्यावर ते फुलदाणीच्या पाण्यातून दिलेलं असतं, दुसऱ्यावर दीर बिचारा सुटतो आणि गादीवर डोळा असलेली नणंद अडकते, तिसऱ्यावर मेली ती राणी नव्हेच, तोतया! आणि ‘खरं कारण काय सांगतो तुम्हाला…’ म्हणेपर्यंत टिंग! चौथा मजला, दार उघडलं, माणूस उतरला! मी अर्धवट! दिवसभर नुसता अर्धवट! घरी गेलो की बायको विचारायची, ‘काय हो, जेवणात लक्ष का नाही?’ मी म्हणायचो, ‘नणंदेचं पुढं काय झालं ते कळलं नाही.’ ती म्हणायची, ‘माझी नणंद आजारी आहे, तिचं बघा आधी!’

बरोबरच होतं तिचं. तिची नणंद म्हणजे माझी ताई. आई गेली तेव्हा मी सात वर्षांचा, ताई सतराची. मला तिनंच वाढवलं, आणि आज मला टक्कल पडलं तरी मी तिच्या लेखी बारक्या. ताईला झाले खडे. कुठले? पित्ताशयातले! डॉक्टर कोण? तेच, राणीसाहेबांचे मोठे डॉक्टर! त्यांनी चष्मा कपाळावर चढवून सांगितलं, ‘महिन्याच्या आत काढून टाका. पित्ताशय फुटलं तर मला सांगायला येऊ नका.’

ताई म्हणाली, ‘मी नाही जाणार.’

कारण ताईच्या खिडकीसमोरच्या खिडकीत शिवणाचं मशीन आहे आणि त्या मशीनवर मावशी आहेत. दिवसभर खडखड खडखड चालू. खडखड थांबली की समजावं, मावशींना काहीतरी सांगायचंय. त्या दिवशी खडखड थांबली. ‘अगं बाई, तोच डॉक्टर? तोच मजला? तेच टेबल? राणीला सोडलं नाही त्यांनी, तुला सोडतील? नाही, मला काय करायचंय, तू जा हो!’ आणि परत खडखड. झालं! ताईनं दाराला आतून कडी घातली आणि मला म्हणाली, ‘खडे माझे आहेत. मी ते सांभाळीन.’

इकडे दुखणं वाढतंय. बोलता बोलता मधेच ओट्याची कड धरायची, ओठ पांढरे, आणि वर म्हणायची, ‘काही नाही रे, उसण भरली.’ उसण कुठं बरगडीखाली भरते का?

आता तुम्ही म्हणाल, खरं सांगायचं तिला. सांगितलं की! पहिलं तेच केलं! म्हटलं, ‘ताई, विष नाही, दीर नाही, काही नाही. त्यांचं हृदय बंद पडलं, बस.’ ताई म्हणाली, ‘मग हृदय मलाही आहेच की!’

बोला! दीर प्रत्येकाला नसतो, गादी प्रत्येकाला नसते, पण हृदय? तुम्हाला सांगतो, सगळ्या थिअऱ्यांमध्ये आजारी माणसाला सगळ्यात वाईट ती खरीच!

मग मी स्टुलावर बसून एकेक थिअरी तोलायला लागलो. खरी कुठली हे गेलं चुलीत, डॉक्टर निर्दोष सुटतो कुठलीत? नुसतं विष घेतलं तर डॉक्टर सुटतो, पण ताई तिथं पाण्याचा घोट घेणार नाही. नणंदेनं नर्स फोडली म्हणावं, तर ताई इंजेक्शन घेणार नाही. डॉक्टरच्या वेशात दुसराच माणूस आला म्हणावं, तर ही मोठ्या डॉक्टरांच्या मिशा ओढून बघणार! तोतया मेली म्हणावं, तरी टेबलावर कुणीतरी मेलंच ना? वर-खाली, वर-खाली, दिवसभर हाच हिशोब. शेवटी एकच उरली. राणीसाहेब मेल्याच नाहीत! ऑपरेशन झकास झालं, खडे निघाले, आणि बाई दरबाराला कंटाळून गुपचूप निघून गेल्या.

संध्याकाळी ताईकडे गेलो, दार लावलं आणि म्हटलं, ‘ताई, कुणाला बोलणार नसशील तर सांगतो. त्या मंगळवारी मी लिफ्टवर होतो. मागची लिफ्ट बंद होती, दुरुस्तीला. मग मृतदेह उतरला कुठून? माझ्या लिफ्टमधून तर नाही! उतरल्या त्या एक उंच बाई. काळा चष्मा, हातात चपला, पोटावर हात धरून सावकाश चालत.’

‘काही बोलल्या?’

‘बोलल्या ना. “तळमजला” म्हणाल्या. आणि उतरताना म्हणाल्या, “आभारी आहे.” ताई, बावीस वर्षांत मला लिफ्टमध्ये कुणी आभारी आहे म्हटलेलं नाही! राणीशिवाय कोण म्हणेल?’

ताईनं माझ्या हातांकडे बघितलं. मग म्हणाली, ‘म्हणजे तुझ्या लिफ्टनं गेलेला माणूस जिवंत उतरतो.’ म्हटलं, ‘एकशे एक टक्के!’ ‘मग मला वर नेणार तू आणि खाली आणणार तू. बोल, आहे कबूल?’ म्हटलं, ‘कबूल.’ मला वाटलं, जिंकलो!

डोंबल जिंकलो! मी दबक्या आवाजात सांगितलं होतं, पण खिडकी उघडी होती, आणि मधेच केव्हातरी खडखड थांबली होती, हे माझ्या लक्षातच आलं नाही!

तुम्हाला सांगतो, तीन दिवसांत गावभर बोभाटा. लोक मुद्दाम लिफ्टमध्ये बसायला यायला लागले. ना पेशंट, ना नातेवाईक! ‘इथं उभ्या होत्या का? की इथं?’ एकानं आरशावर बोट फिरवून विचारलं, ‘ह्यात बघितलं त्यांनी?’ अहो, मी फक्त लिफ्ट चालवतो! कुणी कोपऱ्यात फुलं ठेवून जायला लागलं, आणि मला फुलांनी शिंका येतात. माझ्या उंच बाईंना दोन दिवसांत टोपी आली, चार दिवसांत कुत्रा आला! मी बिनकुत्र्याच्या उतरवल्या होत्या हो, गळ्याशप्पथ!

मग करड्या कोटातले दोघे आले. बोलेनात, हसेनात. तीनदा वर गेले, तीनदा खाली आले, माझ्या मानेकडे बघत. म्हटलं, संपलं. राजवाड्यातून आले. बायकोला काय सांगू, ताईला काय सांगू… चौथ्या फेरीला त्यातला एक खाकरला आणि म्हणाला, ‘आठच माणसं घेता ना?’ लिफ्ट तपासणीवाले निघाले! मला घाम एवढा की स्टूल ओलं. आणि पाठोपाठ अधीक्षकसाहेब : ‘काय हो, मागची लिफ्ट बंद होती हे कुणी उठवलं?’ म्हटलं, ‘साहेब, मागच्या लिफ्टचं मला काय विचारता? मी फक्त पुढची चालवतो!’

ऑपरेशनचा दिवस आला. सकाळी दहाला मी ताईला वर नेली. रुग्णालयाच्या ढगळ झग्यात एवढीशी दिसत होती. पाचव्या मजल्यावर म्हणाली, ‘इथंच थांब हं. लिफ्ट सोडून जाऊ नकोस.’ मोठ्या सिस्टर म्हणाल्या, ‘तासाभराचं काम आहे.’ अकरा वाजले. साडेअकरा. बारा. मी वर-खाली, वर-खाली, प्रत्येक खेपेला पाचव्यावर डोकावतोय, दिवा लालच. आणि नेमकं तेव्हा तळमजल्यावर अकरा जण घुसले! राणीसाहेब उतरल्या त्या मार्गाची पाहणी करायला! एक निवृत्त मास्तर घड्याळ लावून, एक छत्रीवाल्या बाई, बाकीचे नुसते माना उंचावणारे. म्हटलं, ‘आठच, आठच!’ ऐकतात कुणी? अकरा आणि मी. लिफ्ट कण्हत निघाली आणि तिसऱ्या-चौथ्याच्या मध्ये… खट्ट.

अडकली.

आणि दहाएक मिनिटांत भिंतीपलीकडून, खालून, ठण्ण!

माझा हात टोपीकडे गेला आणि तिथंच राहिला. सकाळपासून मागची लिफ्ट एकदाही वाजली नव्हती.

छत्रीवाल्या बाई म्हणाल्या, ‘मागची घंटा! गेलं कुणीतरी.’

‘सकाळची खडेवाली असणार,’ मास्तर म्हणाले. ‘तोच डॉक्टर, तोच मजला.’

‘पण राणीचं आपण समजू शकतो. हिला मारून कुणाला काय मिळणार?’

‘घर असेल की स्वतःचं!’

‘सही भावाची होती कागदावर. मी काउंटरवर वाचली.’

‘मग भाऊ कुठाय? बाई टेबलावर आणि भाऊ दारात नाही?’

‘त्याला आधीच ठाऊक असणार!’

अहो, कल्पना करा! बारा माणसं, एक आरसा, श्वास घ्यायला जागा नाही, पलीकडे काय उतरलंय ते कळत नाही, आणि हे लोक माझ्या खांद्यावरून माझ्याच गळ्यात फास अडकवतायत! तेव्हा मात्र माझं टाळकं सटकलं. मी गर्रकन वळलो आणि गरजलो, ‘तो भाऊ मी आहे! ती माझी ताई आहे! तोंडं बंद करा सगळ्यांनी!’ लिफ्टमध्ये टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता. मास्तरांनी चष्मा काढला. छत्रीवाल्या बाईंच्या डोळ्यांत पाणी.

आणखी पाच मिनिटांनी मेकॅनिकनं चाक फिरवून लिफ्ट तिसऱ्यावर ओढली. मी लोकांच्या पायांवर पाय देत बाहेर, तीन मजले जिन्यानं, गुडघे बोंबलतायत, मागच्या बोळात आलो, तर पत्र्याचं दार उघडं, समोर स्ट्रेचर, आणि स्ट्रेचरवर चादर! पांढरी! जवळ जाऊन बघितलं तर चादर गळ्यापर्यंतच होती हो! वर ताईचं तोंड होतं, पिवळं, सुकलेलं, एक डोळा अर्धा उघडा.

‘बारक्या,’ म्हणाली, ‘तुझी लिफ्ट कुठाय?’

मोठ्या सिस्टर माझ्यावरच खेकसल्या, ‘पुढची अडकवून ठेवलीत तुम्ही, मग पेशंट खालच्या वॉर्डात काय खिडकीतून उतरवू?’ मला रडूही येईना आणि हसूही.

चौथ्या दिवशी ताई उशीला टेकून बसली होती. काचेच्या बाटलीत तिचे खडे, सात. म्हटलं, ‘ताई, एक सांगायचंय. त्या मंगळवारी मी…’

‘माझ्याकडे होतास,’ ताई म्हणाली. ‘रजा काढून. कपाटाचं दार बसवत होतास. उलटं बसवलंस, अजून उलटंच उघडतं.’

मी गारच! ‘तुला माहीत होतं? मग तू तयार कशी झालीस?’

ती बाटली हलवून बघत होती. ‘तू लहानपणापासून थापाड्या. पण थापा मारताना खुशीत असतोस, डोळे चमकतात. त्या दिवशी राणीचं सांगत होतास आणि हात थरथरत होते तुझे. म्हटलं, हा एवढा भ्यायलाय, म्हणजे मी खरंच मरायला टेकले असणार. जाऊ या.’

आता लोकांना हे सांगायला गेलो, तर पटतंय का? मावशी म्हणतात, ‘दमदाटी केली असेल बिचाऱ्याला, म्हणून फिरवतोय शब्द.’ राणीसाहेबांचा कुत्रा आता दोन पिल्लांसकट फिरतो. मी काय करू? मी फक्त लिफ्ट चालवतो!

हां, ते दुसरं वाक्य राहिलं. लिफ्टमध्ये मी गरजलो म्हणालो ना, ‘तो भाऊ मी आहे’ वगैरे? ते काही खरं नाही. झालं असं, की मास्तरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, ‘तुम्ही इथलेच, तुम्हाला काय वाटतं?’ आणि आत चढेल त्याच्या सुरात सूर मिसळायची बावीस वर्षांची सवय हो… माझ्या तोंडून निघून गेलं, ‘मला तर तो भाऊच बरा वाटत नाही.’

अकराच्या अकरा जणांनी माना डोलावल्या. आणि काय सांगू तुम्हाला… मलाही पटलं!