साहेबांचा हरवलेला मेल

दातांच्या दवाखान्यात माझ्या समोरच्या बाकावर अक्कलदाढ काढायला आलेला एक तरुण सुजलेला गाल धरून बसला होता. शेजारी त्याची मावशी.

"रजा मिळाली का रे तुला शेवटी?"

"कसली मिळतेय! तीनदा मेलवर अर्ज केला. साहेबांचं पालुपद एकच, 'मेल आलाच नाही.' आणि खापर फोडलं सर्व्हरवर."

"सर्व्हर म्हणजे तुमच्या ऑफिसचं टपाल खातंच ना?"

"तेच. मग मलाच हुकूम सोडला, तपासून सांग, एका दमात किती मेल पोचवतो आणि किती हरवतो."

"म्हणजे घोडा पळवून बघायचा."

"हो. चाळीस हजार मेल सोडायचे होते. आता आत मजकूर काहीतरी हवाच ना? मी माझा रजेचा अर्जच घातला."

"चाळीस हजार वेळा? आणि पाठवलास कुणाला?"

"साहेबांनाच. अकरा मिनिटांत सगळे पोचले. एकसुद्धा हरवला नाही."

"शाब्बास! चांगले दात घशात घातलेस त्याचे. मग आता काय म्हणतो?"

"लगेच उत्तर आलं, 'रजा नामंजूर.'"

"मेला कुठला! अरे, पण मग तू इथे कसा?"

"मावशी, तो मेल मला मिळालाच नाही."

"अगंबाई! आणि तपासणीच्या रिपोर्टात काय लिहिलंस?"

"लिहिलं की, सर्व्हर उत्तम आहे. चाळीस हजार एक मेलपैकी फक्त एकच हरवला."